चुन्याची निवळी, हळद आणि एक सिरिंज : आम्ल, आम्लारी आणि क्षार घरच्या घरी मोजून समजून घ्या

‘निळा लिटमस लाल झाला की आम्ल, लाल लिटमस निळा झाला की आम्लारी’ हे वाक्य शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्याच विद्यार्थ्यापुढे व्हिनेगारची बाटली ठेवून ‘यात आम्ल किती आहे ते सांग’ म्हटलं, तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही. रंगावरून फक्त बाजू कळते. प्रमाण कळायला मोजावं लागतं आणि हा सगळा विषय खऱ्या अर्थाने मोजतानाच समजतो. त्यासाठी प्रयोगशाळा हवीच असं नाही. वाणी, पानवाला आणि औषधाचं दुकान या तीन ठिकाणी सगळं सामान मिळतं. आठवीपासून पुढचा कोणताही विद्यार्थी घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन हे दोन सुट्ट्यांत करू शकेल.

आधी सुरक्षितता

चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना चुना उडून लहान मुलांचे डोळे दुखावल्याची उदाहरणं नेत्रतज्ज्ञांना चांगली माहीत आहेत. म्हणून चुना हाताळताना चष्मा किंवा गॉगल लावायचाच. डोळ्यात गेलाच तर नळाखाली निदान १५ ते २० मिनिटं डोळा धूत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं.

संडास साफ करायचं अ‍ॅसिड, बॅटरीचं अ‍ॅसिड आणि कॉस्टिक सोडा यांना या प्रयोगांत अजिबात जागा नाही. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

सामान

पानवाल्याकडचा साधा पांढरा चुना (सुगंधी किंवा रंगीत नको), हळद, लाल जास्वंदीची पाच-सहा फुलं, लिंबूसत्व, पांढरं व्हिनेगार, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, नवसागर, लिंबं. औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या १० मिली आणि ५ मिलीच्या सिरिंज, थोडं सर्जिकल स्पिरिट आणि जमल्यास सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी ते सांगणारा आकडा) पाहायच्या पट्ट्या. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. पाणी डिस्टिल्ड वॉटरच घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेलं असतं आणि ते स्वतःच थोडं आम्ल खाऊन टाकतं, त्यामुळे मोजमाप बिघडतं.

लागेल तेवढीच तात्त्विक बाजू

पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी. ही मांडणी स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांची. आयनांच्या या सिद्धान्ताला त्यांच्या १८८४ च्या प्रबंधापासून सुरुवात झाली आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड मिळून पाणी होतं आणि मागे जे उरतं तो क्षार. यालाच उदासिनीकरण म्हणतात.

सामूची कल्पना कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी. सामू एकाने खाली आला की मोकळे हायड्रोजन आयन दहापट झाले, एवढं पक्कं लक्षात ठेवा. ‘मोकळे’ हा शब्दही लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पायरी १ : दोन दर्शक (रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणारे पदार्थ) तयार करा

हळदीचा दर्शक : अर्धा चमचा हळद २५ मिली स्पिरिटमध्ये घालून पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये मध्ये हलवा, मग कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसपासून लांब करायचं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतं, म्हणून स्पिरिट. हे द्रावण आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळंच राहतं. सामू साधारण ८ च्या पुढे गेला की ते तांबूस होतं. भाजीचा डाग पडलेला शर्ट साबण लावताच लालभडक होतो आणि खळबळून धुतला की पुन्हा पिवळा दिसतो, ते हेच. उरलेल्या द्रावणात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवून ठेवा, त्या नंतर लागतील.

जास्वंदीचा दर्शक : हिरवा भाग आणि मधली दांडी काढून फक्त पाकळ्या घ्या. ८-१० पाकळ्यांवर १०० मिली गरम पाणी ओता, दहा मिनिटांनी गाळा. हे पाणी आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवं होतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, त्यापुढे भरवसा ठेवू नका.

हळदीला फक्त आम्लारी कळते, जास्वंदीला दोन्ही बाजू कळतात. मग हळद कशाला? मोजणीच्या वेळी हळदच कामाला येते, कारण तिचा रंग अगदी थोड्या अंतरात बदलतो आणि आपल्याला हवा तिथेच बदलतो.

पायरी २ : घरातल्या वस्तूंची झटपट ओळख

पांढऱ्या वाट्यांत लिंबाचा रस, व्हिनेगार, चिंचेचं पाणी, ताक, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा घ्या. प्रत्येकात थोडं जास्वंदीचं पाणी घाला. पहिल्या चार वाट्या गुलाबी होतील. लिंबात सायट्रिक, व्हिनेगारात अ‍ॅसेटिक, चिंचेत टार्टरिक आणि ताकात लॅक्टिक आम्ल असतं. साबण आणि धुण्याचा सोडा हिरव्याकडे जातील. आमसुलं भिजवलेलं पाणीही एका वाटीत घ्या. त्यात मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, आणि कोकमाचा लाल रंग जास्वंदीच्याच कुळातला असल्यामुळे त्याला वेगळा दर्शक लागत नाही. चिमूटभर सोडा टाकत गेलात तर तो स्वतःच रंग बदलेल.

इथे जास्त वेळ घालवू नका. खरं काम पुढे आहे.

पायरी ३ : चुन्याची निवळी

स्वच्छ एक लिटरच्या बाटलीत दोन चमचे चुना घाला, डिस्टिल्ड वॉटरने बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. तासाभरात चार-पाच वेळा जोरात हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता. तळाचा गाळ तसाच राहू द्या. खाली न विरघळलेला चुना उरला आहे, याचा अर्थ वरचं पाणी संपृक्त झालं आहे.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फार थोडं विरघळतं, आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाला लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅमच. म्हणूनच ही आम्लारी घरच्या प्रयोगाला योग्य आहे. सामू १२ च्या पुढे असला तरी एकूण ऐवज कमी असतो. तिचा आणखी एक गुण : तापवल्यावर ती कमी विरघळते. थोडी निवळी चहाच्या भांड्यात तापवून पाहा. साखर किंवा मिठाच्या उलट वागून ती गढूळ होते.

बाटली उघडी ठेवली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीवर पातळ पांढरी साय धरतो. ती साय कॅल्शियम कार्बोनेटची. तेवढी आम्लारी आपल्या हातून गेली असं समजायचं. भिंतीला लावलेला चुना याच क्रियेने कडक होतो, पण आपल्या मोजमापात ती नको आहे. निवळी लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा.

पायरी ४ : निवळीची ताकद ठरवा

निवळी अंदाजे किती ताकदीची आहे हे माहीत असणं पुरेसं नाही. वजन करून बनवलेल्या आम्लासमोर ती तपासून घ्यायची. लिंबूसत्व म्हणजे जवळजवळ शुद्ध सायट्रिक आम्ल. पाकिटावर ‘निर्जल’ असेल तर ६.४ ग्रॅम, ‘मोनोहायड्रेट’ असेल तर ७.० ग्रॅम मोजून घ्या आणि एकूण द्रावण एक लिटर होईल एवढं पाणी घाला. पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर पाकीट बदला, कारण या फरकाने उत्तर नऊ-दहा टक्क्यांनी चुकतं.

आता पांढऱ्या वाटीत ५ मिलीच्या सिरिंजने हे द्रावण बरोबर ५ मिली घ्या. हळदीच्या दर्शकाचे ८-१० थेंब टाका. १० मिलीच्या सिरिंजमध्ये निवळी भरून घ्या. पहिले सात-आठ मिली पटापट सोडले तरी चालतील. त्यानंतर निवळी जिथे पडते तिथे क्षणभर तांबडा ढग उमटायला लागेल आणि हलवताच विरेल. ढग विरायला वेळ लागू लागला की हात आखडता घ्या, थेंबाथेंबाने सोडा. सगळ्या द्रावणाला आलेली तांबूस छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा आणि आकडा लिहा. आणखी वाट पाहत बसू नका. आम्लारीत कर्क्युमिन हळूहळू मोडतं, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळत असतो, त्यामुळे रंग आपोआप फिका पडतो. तो पाहून आणखी निवळी घालाल तर उत्तर चुकेल.

आकडा साधारण ११ ते १२ मिलीच्या आसपास यायला हवा. सिरिंज एकदा पुन्हा भरावी लागेल. तीनदा करा. तीन आकडे एकमेकांच्या ०.३ मिलीच्या आत आले की त्यांची सरासरी घ्या. तिला ‘प्र’ म्हणू, म्हणजे प्रमाण.

वाटी मध्येच किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. तो कॅल्शियम सायट्रेट हा क्षार आहे, थंड पाण्यातही तो फारसा विरघळत नाही. १७८४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं, ते याच गुणाचा उपयोग करून. रसात चुना घालून हा क्षार खाली बसवायचा आणि मग गंधकाम्लाने त्यातून आम्ल मोकळं करायचं.

पायरी ५ : व्हिनेगार आणि लिंबू मोजा

१० मिली व्हिनेगार घेऊन पाण्याने एकूण १०० मिली करा. या विरल द्रावणातलं ५ मिली वाटीत घ्या, हळदीचे थेंब टाका आणि आधीसारखंच निवळीने मोजा. हा आकडा ‘व’.

हिशोब सोपा आहे. लिटरमागे ६.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल जेवढी आम्लारी संपवतं, तेवढीच लिटरमागे ६ ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल संपवतं. आपण व्हिनेगार दहापट पातळ केलं होतं. म्हणून :

व्हिनेगारमधलं आम्ल (टक्के) = ६ × व ÷ प्र

समजा प्र ११.५ मिली आणि व ७.७ मिली आला. ६ × ७.७ ÷ ११.५ म्हणजे ४.० टक्के. बाटलीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. भारतीय नियमांनुसार व्हिनेगारात किमान ३.७५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असावं लागतं.

लिंबाचा रस गाळून तसाच दहापट पातळ करा. तिथे गुणक ६ ऐवजी ६.४ घ्यायचा. रसदार लिंबात साधारण ५-६ टक्के आम्ल निघतं. कागदी लिंबू, ईडलिंबू आणि फ्रिजमध्ये महिनाभर पडलेलं लिंबू यांची तुलना मुलांना द्या. अभ्यास म्हणून त्यांना हा फार आवडतो. आमसुलाच्या पाण्याला मात्र ही पद्धत लावू नका, त्याच्या लाल रंगात हळदीचा बदल दिसतच नाही. दूध डेअऱ्यांतही दुधाची आम्लता याच तत्त्वाने मोजतात. तिथे आम्लारी कॉस्टिक सोड्याची आणि दर्शक फिनॉल्फथॅलिन, एवढाच फरक.

पायरी ६ : सामू आणि आम्लाचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी

माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त गोंधळ इथे असतो, आणि मोजल्याशिवाय तो सुटत नाही. सामूची पट्टी आधी मूळ व्हिनेगारात बुडवा, मग दहापट पातळ केलेल्या व्हिनेगारात. पहिल्यात सामू अडीचच्या आसपास, दुसऱ्यात तीनच्या आसपास. पट्टीवरच्या रंगातला फरक जेमतेम दिसतो. निवळी मात्र मूळ व्हिनेगारला दहापट लागते.

असं का? अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे. व्हिनेगारात दर हजार रेणूंतले जेमतेम पाचच फुटून हायड्रोजन आयन मोकळे सोडतात, बाकीचे अखंड राहतात. दहापट पाणी घातलं की हजारातले साधारण सोळा फुटतात, त्यामुळे सामू फार हलत नाही. पट्टी फक्त मोकळ्या आयनांची गणती करते. निवळी घालत गेलो की मोकळे आयन संपतात, त्यांच्या जागी अखंड रेणू फुटतात, तेही संपतात, आणि शेवटचा रेणू संपेपर्यंत हे चालू राहतं. पट्टी म्हणजे खिशातली रोकड आणि निवळीची मोजणी म्हणजे बँकेसकट सगळी पुंजी.

हायड्रोक्लोरिक, नायट्रिक आणि गंधकाम्ल ही तीव्र आम्लं, त्यांचे रेणू विरल द्रावणात जवळजवळ सगळे फुटतात. ‘तीव्र–सौम्य’ हा स्वभाव आहे आणि ‘संहत–विरल’ हे पाणी किती घातलं त्याचं माप आहे. विरल तीव्र आम्ल असू शकतं, संहत सौम्य आम्लही असू शकतं. परीक्षेत या दोन जोड्यांची सर्रास अदलाबदल होते.

पायरी ७ : क्षार हातात घ्या

१०० मिली पांढऱ्या व्हिनेगारात ५.५ ग्रॅम खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला. भांडं मोठं घ्या, फेस वर येतो. फसफसणं पूर्ण थांबलं की स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवा. अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ टाळा. द्रावण दहा-बारा मिली उरलं की गॅस बंद करा आणि भांडं न हलवता गार होऊ द्या. सोडियम अ‍ॅसिटेटचे सुईसारखे स्फटिक येतील, साधारण नऊ ग्रॅम. कधी कधी गार होऊनही द्रावण पातळच राहतं. मग त्यात आधीच्या खेपेचा एखादा कण टाका, काही क्षणांत सगळं गोठतं आणि भांडं हाताला गरम लागतं. बटण दाबल्यावर गरम होणाऱ्या शेकायच्या पिशव्यांत हाच क्षार भरलेला असतो.

हा क्षार पाण्यात विरघळवून सामू पाहा. ७ च्या थोडा वर निघेल. उदासिनीकरण झालं म्हणजे मिळणारा क्षार उदासीन असणारच, हा समज इथे गळून पडतो. तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा क्षार आम्लारीकडे झुकतो, उलट जोडी असेल तर आम्लाकडे. मीठ, धुण्याचा सोडा, नवसागर आणि तुरटी यांची द्रावणं करून ताडून पाहा. मीठ उदासीन, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास, नवसागर आणि तुरटी आम्लधर्मी. तुरटीसाठी जास्वंद नको, पट्टीच वापरा. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम जास्वंदीच्या रंगाला धरून बसतं आणि पाणी जांभळट दिसतं. कापड रंगवताना तुरटी रंगबंधक म्हणून घालतात, तिचा हाच गुण तिथे उपयोगी पडतो.

नवसागराशी आणखी एक छोटा प्रयोग, खिडकी उघडी ठेवून. चिमूटभर नवसागर आणि तेवढाच चुना वाटीत एकत्र करा आणि वर ओली हळदीची पट्टी धरा. उग्र वास येईल आणि वाटीला न टेकताच पट्टी लाल होईल. तीव्र आम्लारीने क्षारातून सौम्य आम्लारी, म्हणजे अमोनिया, बाहेर काढली. पट्टी हवेत वाळू द्या, अमोनिया उडून गेला की ती परत पिवळी होते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागर फुटून हायड्रोजन क्लोराइड आणि अमोनिया होतात, त्यातलं आम्ल भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातं आणि उघड्या धातूवर कथील धरतं.

ओट्यावर आणि शेतात

कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस राहिला की निस्तेज पांढरट डाग पडतो, ग्रॅनाइटवर पडत नाही. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल तो विरघळवतं. तो डाग लिंबाने किंवा व्हिनेगाराने घासून काढायला जाऊ नका, डाग वाढतच जातो.

चुनखडीयुक्त शेतमातीच्या ढेकळावर विरल आम्लाचे थेंब टाकले की तीही फसफसते. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते, तिथे चुना देऊन सामू वर आणता येतो. चोपण जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, म्हणून जिप्सम देतात. जिप्सम हा कॅल्शियमचा क्षार. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि निघालेला सोडियम पाण्याबरोबर धुऊन जावा लागतो. म्हणजे निचरा नसेल तर जिप्सम टाकूनही उपयोग नाही. किती टाकायचं हे माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरवा.

आकडे जुळत नसतील तर

निवळी दर खेपेला जास्त लागत असेल तर तिच्यावर साय धरली आहे का पाहा, बाटलीवरचं झाकण सैल असणार. पहिला आकडा वेगळा आणि पुढचे दोन सारखे आले, तर सिरिंज आधीच्या द्रावणाने ओली होती. दर वेळी जे भरायचं त्यानेच ती आधी विसळून घ्या. सिरिंजच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर अर्धा मिली सहज चुकतो, म्हणून टोक वर करून हवा काढूनच मोजायला सुरुवात करा. आणि रंगाबद्दल शंका आली की शेजारी दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी आणि तेवढेच हळदीचे थेंब ठेवा, पिवळ्यातून तांबूस केव्हा झालं ते लगेच दिसतं. काम झाल्यावर उरलेली निवळी उरलेल्या व्हिनेगारात ओता, मिश्रणाचा सामू ७ च्या आसपास आला की भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. तळाचा चुना कोरडा करून कचऱ्यात टाका. मोरीत टाकलात तर पाइपात तो कार्बोनेट होऊन घट्ट बसेल.